स्टूल क्रमांक एकशे चौदा

माझ्याबरोबर पैज लावायची नाही, असं आमच्या कॉलनीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना सांगून ठेवलंय. तरी झुंबर लावतोच. मागच्या उन्हाळ्यात तो टरबुजातल्या बियांवरून हरला आणि अख्ख्या गल्लीसमोर हात मागे बांधून अर्धं टरबूज खाऊन बसला. मिशीतून रस गळत होता. तेव्हापासून तो माझ्यावर टपून होता.

झुंबर म्हणजे माझा भिंतीला भिंत शेजारी. विद्यापीठात परीक्षा विभागात क्लार्क. मी त्याच विद्यापीठात देखभाल विभागात सुतार. आणि आमच्या दोघांच्या समोर राहतात त्या यशोदाबाई, झुंबरच्याच विभागात शिपाई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मूळच्या पेठ तालुक्यातल्या. रिटायरमेंटला सात महिने राहिलेत.

त्या दिवशी संध्याकाळी झुंबर परिपत्रक घेऊन कट्ट्यावर आला. चेहरा असा, की द्वारकेच्या सिग्नलला तासभर अडकून आलाय.

"आता आपल्याला टेबल नाय," तो म्हणाला. "परीक्षेची जुनी इमारत आतून फोडणार. सगळा एकच हॉल. कुणालाच स्वतःची जागा नाय. मोबाईलवर बुक करायचं, मिळेल तिथं बसायचं, संध्याकाळी सामान उचलून लॉकरमध्ये."

"म्हणजे एसटी," मी म्हणालो. "खिडकीतून रुमाल टाकायचा."

"तुला काय, तू हातोडी घेऊन फिरतो. माझी सत्तावीस वर्षं गेली त्या टेबलावर."

यशोदाबाई त्यांच्या पायरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन माझं स्टूल रे?"

झुंबरने कागद उलटा-सुलटा केला. "जुनं फर्निचर सगळं भंगारात. जुन्या इमारतीतली एक काडीसुद्धा आत जाणार नाय."

"काडी असं लिहिलंय?" मी विचारलं.

"काडी नाय लिहिलं. पण अर्थ तोच."

आता मला कुणी 'होणार नाही' म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी म्हणालो, "लाव पैज. यशोदाबाईंचं स्टूल त्या हॉलमध्ये जाईल. आणि फीत कापतील तेव्हा यशोदाबाई त्याच्यावर बसलेल्या असतील."

झुंबरने जरा विचार केला. मग त्याच्या तोंडावर टरबूज आठवल्यासारखं हसू आलं. "हरला तो रविवारी सकाळी दहाला कॉलनीच्या गेटवर शिपाई. डोक्यावर टोपी, हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास. बरोबर एक तास. बसायचं नाय, टेकायचं नाय. येईल-जाईल त्याला, पाणी घ्या साहेब."

"डन."

"मेल्यांनो," यशोदाबाई म्हणाल्या, "माझ्या नोकरीची पैज लावता व्हय?" पण हसल्या त्या. मेथीचं देठ माझ्या अंगावर फेकलं.

स्टूलाचं सांगतो. सागवानी, जुन्या घडणीचं. परीक्षा विभागाच्या दाराशी, साहेबांच्या बेलखाली. डेडस्टॉक रजिस्टरचा नंबर पांढऱ्या रंगाने पायावर टाकलेला, एकशे चौदा. मी ते तीन वेळा ठोकून दिलंय. एक पाय अर्धा इंच आखूड, म्हणून त्याला खालून टायरचा तुकडा मारला. बसून बसून वरच्या फळीला दोन खळगे पडलेत. यशोदाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जमिनीवर बसलं की उठता येत नाही, फार वेळ उभं राहिलं की सुजतात. डॉक्टरने दोन्ही बंद सांगितलंय, सारखी उठ-बसही. मधलं जे काही उरतं ते म्हणजे स्टूल. रजा होती नव्हती ती सगळी गुडघ्यांनीच खाल्ली.

तेव्हा हे सगळं माझ्या मनात नव्हतं. तेव्हा ती फक्त पैज होती.

आठवड्याने पल्लवी मॅडम आल्या. त्या आर्किटेक्ट. तिशीतल्या, पायात कापडी बूट, बोलायला गोड. सगळ्यांना 'भाऊ' आणि 'ताई' म्हणायच्या, मलासुद्धा. त्यांनी बुटाच्या खोक्याला रंगीत कागद लावून दारात ठेवलं. "प्रत्येकाने आपली एक गरज लिहून टाका. नाव नको. शिपाईताईंनीसुद्धा. ही जागा सगळ्यांची आहे."

मला आजपर्यंत गरज कुणी विचारली नव्हती. मी लिहिलं, 'छताला एक झोपाळा.'

यशोदाबाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. सातवी झाल्यात, पण अक्षर मोडकं, म्हणून लाजतात. "लिही रे. बसायला जागा पाहिजे. दाराजवळ. बास, एवढंच."

मी पेन घेतलं. साधं लिहिलं तर कोण वाचतंय, हसू आलं तर लक्षात राहील, असं मी मनाशी म्हणालो. पण खरं सांगायचं तर हात शिवशिवला. मी लिहिलं, 'दाराजवळ एक सिंहासन, वर छत्र, बाजूला चवरी ढाळायला दोन सेक्शन ऑफिसर.'

"लय मोठं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"तुमचंच आहे. जरा नीट लिहिलंय."

त्यांनी कागदाची दोनदा घडी घातली आणि स्वतःच्या हाताने खोक्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चिठ्ठ्या खालच्या मजल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. मी वर दरवाजाच्या चौकटी काढत होतो. हसण्याचा एक मोठा लोट वरपर्यंत आला. माझी छाती फुगली. थोड्या वेळाने यशोदाबाई जिना चढून चहा घेऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्या जिना कधी चढत नाहीत. "घे," एवढंच म्हणाल्या आणि कठड्याला धरून खाली गेल्या.

मग मोठं काम सुरू झालं. भिंती पडल्या. चार खोल्यांचा एक हॉल झाला. अधीक्षक साहेबांची केबिन गेली, त्या दिवशी क्लार्क मंडळींनी आपापसात पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची टेबलं ट्रकमध्ये चढताना बघून तोंडं पाडली. झुंबरने ड्रॉवरच्या तळाला चिकटवलेला लेकीचा बालवाडीतला फोटो नखाने खरवडून काढला. अर्धा निघाला.

नवा नकाशा भिंतीवर लागला. खुर्च्या मोजायची मला सवय. अठ्ठेचाळीस निघाल्या. माणसं बासष्ट. कॉफीचं काउंटर होतं, उभ्यानं प्यायचं. फोनवर बोलायला काचेची तीन कपाटं होती. एक भिंत नुसती झाडांची. दाराजवळ काही नव्हतं.

मी तिथेच मॅडमना गाठलं. "मॅडम, शिपायांचं बसायचं कुठं?"

त्या हसल्या. "सिंहासन ना? मी अजून विसरले नाही हं, वाल्मीकभाऊ. घरी पण सांगितलं सगळ्यांना."

"नाही, खरंच विचारतोय."

"अहो, म्हणून तर शेअर्ड आहे. कुणीही कुठेही बसायचं. साहेब आणि शिपाई शेजारी-शेजारी. तीच तर कल्पना आहे."

कल्पना चांगली होती. मला आवडली. मी कॉम्प्युटर विभागात गेलो. तिथला पोरगेला इंजिनिअर म्हणाला, बुकिंगला लॉगिन लागतं, लॉगिनला ऑफिसचा ईमेल लागतो, आणि चतुर्थ श्रेणीला ईमेल देत नाहीत.

"मग द्या."

"माझ्या हातात नाही. प्रस्ताव पाठवा."

"बुक न करता रिकाम्या खुर्चीवर बसलं तर?"

"बसू द्या की. ज्याची बुकिंग आहे तो आला की उठायचं."

मी हिशेब घातला. अठ्ठेचाळीस खुर्च्या, बासष्ट माणसं. यशोदाबाई दिवसभर उठणार आणि बसणार. आणि डॉक्टर म्हणाला होता, उठ-बस बंद.

म्हणून मी अर्ज लिहिला. मी, वाल्मीक, आयुष्यात पहिल्यांदा. 'मा. अधीक्षक साहेब यांस, विनंती अर्ज की, श्रीमती यशोदाबाई यांच्या गुडघ्यांना त्रास असल्याने दाराजवळ एक खुर्ची अथवा स्टूल मिळावे.' शुद्धलेखन मीनाकडून, म्हणजे बायकोकडून, तपासून घेतलं. तिने दोनदा विचारलं, "ह्यात गंमत कुठाय?"

अधीक्षक साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पाठीमागची बाजू बघितली. प्रकाशात धरून बघितला. आता त्यांचंही बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वी मी आणि वायरमनने मिळून त्यांची बेल अशी जोडली होती की त्यांनी बटण दाबलं की ती बाथरूममध्ये वाजायची. साहेब बेल दाबून दाबून लाल, आणि आत बसलेली माणसं घाबरून अर्धवट बाहेर. चौकशी लागली होती.

"वाल्मीक," ते म्हणाले, "ह्यात काय आहे ते आत्ताच सांग. मी सही केली की काय होणार?"

"काही नाही साहेब. बाईंना बसायला मिळेल."

"शपथ घे."

"आईशप्पथ."

"ती तू बेलच्या वेळी पण घेतली होतीस."

त्यांनी सही केली नाही. अर्जाचा फोटो काढून कर्मचारी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'वाल्मीकचा नवा डाव, सावध राहा.' चाळीस जणांनी हसणारी तोंडं टाकली. झुंबरनेही टाकलं एक. संध्याकाळी मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं पैजेसाठी चाललंय तुझं."

मग मी माझ्या पद्धतीने करायचं ठरवलं. सरळ रस्ता मला जमत नाही हे सिद्ध झालं होतं.

भंगारवाल्याची गाडी आली त्या दिवशी एकशे चौदा नंबर वरच दोरीने बांधलेलं होतं, पाय आकाशाकडे. "हे डेडस्टॉक तपासणीला लागणार," असं म्हणून मी ते सोडवलं. देखभालीच्या शेडमध्ये नेलं, पॉलिश पेपर मारला, दोन हात टचवूड दिलं. नंबर तेवढा ठेवला. वर मनीप्लँटची कुंडी ठेवली आणि हॉलच्या दाराशी मांडलं. माझा बेत साधा होता. कुंडीला कोण हरकत घेतो? उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायच्या अर्धा मिनिट आधी कुंडी उचलायची, यशोदाबाईंना बसवायचं, झुंबरला डोळा मारायचा. आणि एकदा बाई बसलेली सगळ्यांनी बघितली की दुसऱ्या दिवशी उठवणार कोण?

यशोदाबाईंना दाखवलं. त्यांनी कुंडी बाजूला करून फळीवर हात फिरवला. "खळगे ठेवलेस," म्हणाल्या.

"ते कसे घालवणार? तुमची मेहनत आहे."

त्या लाजल्या. मग दोन मिनिटं बसूनही घेतलं. समोर नवा हॉल, पांढरा, रंगाचा वास येत होता. "लय उजेड झाला रे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी पल्लवी मॅडमचा फोन. "वाल्मीकभाऊ, लगेच या."

गेलो तर त्या स्टूलापुढे उकिडव्या बसून फोटो काढत होत्या. डोळे चमकत होते. "हे जुन्या इमारतीतलं आहे ना? हा नंबर, हे खळगे. मला हेच हवं होतं. सगळा हॉल नवा झालाय, आठवण म्हणून एक तरी वस्तू पाहिजेच होती. तुम्ही कसं ओळखलंत?"

त्यांनी पितळी पाटी करायला टाकली होती. दुसऱ्या दिवशी आली. 'परीक्षा विभागाचा वारसा. शिपाई स्टूल, क्र. ११४.' खाली बारीक अक्षरात, 'कृपया बसू नये.'

"खाली लाकडी चौथरा करा चार इंचांचा," मॅडम म्हणाल्या, "आणि पायांना अँगल मारून फिक्स करा. कुंडी राहू दे. छान दिसतेय."

 मी सांगून टाकलं. "मॅडम, हे मी यशोदाबाईंना बसायला आणलंय. कुंडी नाटक होतं."

त्या हसायला लागल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबल्या. बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी माझं तोंड नीट बघितलं. "खरंच?"

"त्या चिठ्ठीतही तेच होतं. बसायला जागा, दाराजवळ. सिंहासन मी घुसडलं."

 मॅडमनी हातातली पाटी उलटी केली, सुलटी केली. "मला आधी का नाही सांगितलंत? तेव्हा एक बाक सहज बसला असता. आता फर्निचर मंजूर झालंय, परवा कुलगुरू येतायत, हे स्टूल मी त्यांना फोटो पाठवून दाखवलंय. त्यांनी भाषणात घेतलंय." त्यांचा फोन वाजायला लागला. "पुढच्या टप्प्यात नक्की करू. मी लिहून ठेवते." त्यांनी खरंच वहीत लिहिलं. पुढच्या टप्प्याचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं, हे नंतर कळलं.

चौथरा मीच केला. अँगलही मीच मारले. चारातले दोन स्क्रू नुसते टेकवून ठेवले, म्हणजे वेळ आली की बोटाने निघतील. संध्याकाळी मॅडमनी स्टूल धरून हलवलं. "भाऊ, हे हलतंय. कुणाच्या अंगावर पडेल." त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि मी चारही स्क्रू शेवटपर्यंत पिळले. टायरचा तुकडाही काढला. चौथऱ्यावर त्याची गरज नव्हती, आखूड पायाखाली पॅकिंग दिलं.

उद्घाटनाला फुलांच्या माळा, रांगोळी, सगळं. यशोदाबाईंना नवीन साडी नेसून यायला सांगितलेलं. त्या दाराशी ट्रे घेऊन उभ्या, ट्रेमध्ये कात्री आणि हळद-कुंकू. कुलगुरूंना यायला सव्वा तास उशीर झाला. सव्वा तास त्या उभ्या. मी त्यांच्या मागे जाऊन हळूच म्हणालो, "बसा ना. मी कुंडी उचलतो. बघू कोण काय म्हणतो."

"बसू नये लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"ते बाकीच्यांना."

"मला वाचता येतं, वाल्मीक."

फीत कापली. कुलगुरू चांगलं बोलले. इमारती बदलतात, पण ज्यांनी त्या उभ्या ठेवल्या त्यांना विसरता कामा नये, असं काही. मग स्टूलापाशी आले, खळग्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "इथे कोण बसायचं?" सगळ्यांनी यशोदाबाईंना पुढे केलं. फोटो झाला. मधे स्टूल, स्टूलावर कुंडी, एका बाजूला कुलगुरू, दुसऱ्या बाजूला ट्रे धरून यशोदाबाई उभ्या. तो फोटो आता हॉलच्या भिंतीवर आहे.

गर्दीत झुंबर माझ्या शेजारी आला. मनात म्हणालो, आता हा नाचणार. पण तो घसा खाकरत म्हणाला, "स्टूल तर आत गेलं. अर्धी तू जिंकलास. सोडून देऊ."

"बसलेल्या असतील, असं होतं," मी म्हणालो. "रविवारी दहा."

रविवारी झुंबरच्या बायकोने स्टीलचं ताट दिलं, सहा ग्लास दिले. टोपी झुंबरने आणली. कॉलनी सगळी गेटवर. कुणी मोबाईल धरून, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन. पहिली वीस मिनिटं मी धमाल केली. येणाऱ्या प्रत्येकाला कमरेत वाकून पाणी दिलं, कोपऱ्यावरच्या बिल्डरच्या कुत्र्यालाही 'घ्या साहेब' केलं. लोक हसून हसून पाणी सांडत होते. एकाने दुसऱ्यांदा चक्कर मारली नुसती पाणी घ्यायला.

मग गर्दी पांगली. ऊन गेटवर आलं. ताट हाताला जड लागायला लागलं, आणि पोटऱ्यांमध्ये कुणीतरी सुया टोचतंय असं झालं. गेटचा खांब बरोबर पाठीमागे वीतभर अंतरावर. झुंबर घड्याळ घेऊन समोरच्या पायरीवर बसला होता. "अर्धा तास पुरे रे," तो म्हणाला.

"तू घड्याळ बघ."

यशोदाबाई पंचवटीतून भाजी घेऊन रिक्षातून उतरल्या. पिशवी खाली ठेवली, गेटचा गज धरून सरळ झाल्या. मी ताट पुढे केलं. "पाणी घ्या, मॅडम."

त्यांनी ग्लास घेतला. सावकाश प्यायल्या.

"यशोदाबाई, ती चिठ्ठी," मी म्हणालो. "मी त्यात..."

"माहितीये." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मॅडमनी वाचली तवा मी चहा देत होते. चवरी म्हंजी काय ते झुंबरनी सांगितलं."

मी झुंबरकडे बघितलं. तो घड्याळाकडे बघत होता.

"मग बोलला का नाहीत? तेव्हाच मला दोन शिव्या घालायच्या."

"सगळी हसत होती. मी पण हसले." त्यांनी ग्लास ताटात उपडा ठेवला, ऑफिसात ठेवतात तसा. मग माझ्या पायांकडे बघितलं. "असा दोन्ही पायांवर जोर देऊ नको. एका पायावर घे. तो भरून आला की दुसरा. गुडघा ताठ करायचा नाय, जरा सैल. आन त्या खांबाकडं बघू नको. बघितलं की टेकावंसं वाटतं."

"किती वेळ जमतं असं?"

"तीन वाजेपत्तर जमतं. मग नाय जमत." त्यांनी पिशवी उचलली. "मग पाच वाजायची वाट बघायची."

मी म्हणालो पिशवी मी पोचवतो, तर म्हणाल्या, "तुझा तास व्हायचाय." आणि गेल्या, एक पाय टाकत, दुसरा ओढत, कंपाउंडच्या भिंतीला हात लावत.

झुंबरने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाला, "सव्वीस मिनिटं राहिली, वाल्या."

स्कूटरवरून कुणीतरी आत वळलं. "पाणी घ्या साहेब," मी म्हणालो, आणि वजन डाव्या पायावर घेतलं.